मधला स्पीकर

इमारतीच्या समितीकडून मला जे पत्र आलं त्याचा विषय होता, 'आपल्या घरातील टीव्हीचा आवाज'. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. पत्रात म्हटलं होतं की चौथ्या मजल्यावरच्या एका सभासदाला गेले आठ दिवस स्वतःचा टीव्ही न लावताच सगळ्या बातम्या कळत आहेत. माझ्या मते त्या सभासदाने आमचे आभार मानायला हवे होते, पण पत्राचा सूर तसा नव्हता. खाली सेक्रेटरींची सही होती आणि सहीखाली दोन रेघा. एक रेघ असली की ती सूचना असते. दोन म्हणजे समज. तीन रेघांचं पत्र अजून कुणी पाहिलेलं नाही. ज्यांना आलं ते घर विकून गेले, असं म्हणतात.

आवाज मोठा ठेवायचे ते माझे सासरे. त्यांना आम्ही सगळेच बाबा म्हणतो. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडे असतात, आणि सासरा जावयाकडे राहतो यावर ज्यांना बोलायचं होतं त्यांचं बोलून झालेलं आहे. वय अठ्ठ्याहत्तर, दात स्वतःचे, मतंही स्वतःचीच. नोकरीची चौतीस वर्षं त्यांनी कापड गिरणीत काढली, आणि तीही जिथे शेकडो माग एकदम खडखडत असतात त्या खात्यात. तिथे शेजारी तोफ उडाली असती तरी कुणी मान वळवली नसती. या नोकरीने बाबांचे कान खाल्ले असं आमचं मत. बाबांचं म्हणणं असं, की त्यांच्या कानांना काहीही झालेलं नाही, हल्लीचे लोकच नीट बोलत नाहीत. कानाचं यंत्र घेऊ या, असं बायकोने एकदा सुचवून पाहिलं. बाबा म्हणाले, "आख्खा जन्म यंत्रांत गेला माझा. आता एक कानात घालू?"

खरं सांगायचं तर आमच्या मनात एक संशय होता, आणि तो मी बायकोपुढे बोलूनही दाखवला होता. बाबांना सोयीचं तेवढं ऐकू येतं. मी त्यांच्या खुर्चीमागे उभा राहून "बाबा, चहा घेणार का?" असं चारदा विचारावं, आणि त्यांनी पेपरचं पान उलटावं. हेच बाबा गॅलरीत उभे असले की खाली पार फाटकापाशी सेक्रेटरी वॉचमनला काय सांगताहेत ते आम्हाला घरात येऊन सांगणार. "जावईबापू, सेक्रेटरी म्हणतोय, तुमच्या स्कूटरवरचं ते प्लॅस्टिक बघवत नाही." आता फाटक किती लांब आणि मी किती जवळ! पण सासऱ्याला सोंगाड्या म्हणायची आपल्यात पद्धत नाही, म्हणून मी दोन वर्षं गप्प राहिलो आणि प्रत्येक वाक्य ओरडून बोललो.

ते दोन रेघांचं पत्र फोनच्या खाली ठेवलेलं होतं. तिथे ते साडूंना सापडलं.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे यजमान. माणूस वाईट नाही. फक्त त्यांच्याकडे जे जे आहे ते सगळं आपल्यापेक्षा एक नंबर मोठं असतं, आणि हे ते कधी स्वतःहून सांगत नाहीत. आपण विचारेपर्यंत थांबतात. त्यांच्या घरी एक आख्खी खोली चित्रपट बघण्यासाठी आहे. काळे पडदे, भिंतींना कापूस, आणि बसलं की आपोआप मागे जाणाऱ्या खुर्च्या, ज्यांत मी पहिल्यांदा बसलो तेव्हा मला चक्कर आली असं समजून ताईंनी लिंबूपाणी आणलं होतं.

साडूंनी पत्र वाचलं, घडी घातली आणि जिथे होतं तिथे ठेवलं. मग म्हणाले, "बाबांना आमच्याकडेच पाठवा ना आता. आमच्या खोलीतून आवाज बाहेर जात नाही. हवा तेवढा मोठा लावू देत."

बायको उठून स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली. लग्नाला तेवीस वर्षं झालेल्या माणसाला या आवाजाचा अर्थ विचारावा लागत नाही. बाबा तिकडे पाठ करून पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"त्याची गरज नाही," मी म्हणालो. "मी इथेच सगळं करतोय."

"सगळं म्हणजे?"

म्हणजे काय, ते मलाही ठाऊक नव्हतं. पण कुठल्याशा पुरवणीत मी वाचलं होतं की चारी बाजूंनी स्पीकर असले की प्रत्येकाच्या कानाजवळ आवाज येतो, त्यामुळे तो मोठा ठेवावा लागत नाही. "सराउंड साउंड," मी म्हणालो. हे दोन शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडत होते आणि त्यांचं वजन जाणवत होतं. "पाच स्पीकर. एक वूफर. परवाच्या रविवारी नको, त्याच्या पुढच्या रविवारी या. बाबांना हळू आवाजात सगळं कळलं, तर विषय संपला."

"आणि नाही कळलं तर?"

"तर तुम्ही म्हणाल तसं."

"ठरलं," साडू म्हणाले. "चित्रपट मी आणतो. जमलं नाही तर त्याच गाडीतून बाबांची बॅगही नेऊ."

ते गेल्यावर बायको हात पुसत बाहेर आली. "अहो, तुम्हाला घरातली ट्यूब बदलता येत नाही."

"ट्यूब वेगळी, हे वेगळं," मी म्हणालो. त्या पंधरवड्यात मी बोललेलं हे शेवटचं अचूक वाक्य.

पहिला प्रश्न अँप्लिफायरचा. तो आमच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडे माळ्यावर पडून होता आणि त्याने तो मला इतक्या तातडीने दिला की मी जरा सावध व्हायला हवं होतं. यंत्राला चव्वेचाळीस बटणं होती. त्यांतल्या एकाचा उपयोग सहकाऱ्याला माहीत होता, चालू करण्याचा. बाकीच्यांबद्दल तो म्हणाला, "हात लावू नकोस म्हणजे झालं." हे यंत्र त्याच्या मेव्हण्याने कुठल्यातरी परदेशातून आणलं होतं आणि पडद्यावर त्याच्या ज्या सूचना उमटत त्या अशा लिपीत होत्या, की ती उजवीकडून वाचायची की वरून खाली, इथपासून मतभेद होते.

मग स्पीकर. जुन्या वस्तूंच्या बाजारात एक दुकानदार आहे. त्याने मला एकसारखे पाच स्पीकर दाखवले, फक्त पाचवा जरा आडवा होता. "हा मधला, साहेब. टीव्हीच्या खाली ठेवायचा. कुठलाही सोडा, पण हा सोडू नका. जीव यातच असतो."

आता जगातला कुठला दुकानदार आपल्या मालाच्या शेवटच्या नगाबद्दल असं म्हणत नाही? मी 'विचार करून सांगतो' म्हणालो आणि शेजारच्या सरांचा सल्ला घ्यायला गेलो. सर म्हणजे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. निरोप समारंभात शाळेने त्यांना फळ्यावर वापरायचा लाकडी कोनमापक भेट दिला होता आणि तेव्हापासून तो कुठे वापरता येईल याच्या शोधात ते होते. त्यांनी माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं.

"एक स्पीकर डावीकडे," ते म्हणाले.

"हो."

"एक उजवीकडे. दोघांतून सारखाच आवाज. मग तो एकत्र कुठे येईल?"

"मध्ये?" मी भीतभीत म्हणालो.

"शाबास. मग मधला विकत कशाला घ्यायचा? डाव्या-उजव्याची सरासरी म्हणजेच मध्य. जे फुकट मिळतं तेच तो दुकानदार तुम्हाला विकतोय."

पन्नाशी उलटलेल्या माणसाला शाबास म्हणणारं कुणी उरलेलं नसतं. मी विरघळलो. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मी चारच स्पीकर घेतले आणि निघताना दुकानदाराकडे असं बघून हसलो, की एवढ्या वर्षांत एक तरी शिकलेलं गिऱ्हाईक भेटलं हे त्याला कळावं. तो म्हणाला, "परत याल, साहेब." मी ते शुभेच्छा म्हणून घेतलं.

वूफरचा, म्हणजे खोल दणके देणाऱ्या स्पीकरचा, नुसता गोल आला होता, खोका नव्हता. खोक्यासाठी सुताराला बोलावलं. स्वयंपाकघराची कपाटं केली तेव्हाचा प्लाय उरलेला होता. मी मापं दिली, भोक कुठे ते दाखवलं आणि ऑफिसला गेलो. संध्याकाळी येऊन पाहतो तर खोका सुबक झाला होता, भोकही बरोबर जागी होतं, आणि बाजूला एक दार होतं. दाराला मूठ होती. आत एक फळी होती.

"हे काय?"

"दार, साहेब."

"आवाजाच्या खोक्याला दार कशाला?"

सुताराने माझ्याकडे ज्या दयेने पाहिलं ती मी विसरणार नाही. "एवढी जागा आत रिकामीच ठेवणार? उद्या लोक विचारतील ना, कुठल्या सुताराकडून करून घेतलं म्हणून." आणि मी काही म्हणायच्या आत बायकोने त्यात तिच्या चपलांचे तीन जोड ठेवून दिले. खोक्याचं काम पास झालं.

आता भिंतींना भोकं पाडायची, तर समितीची परवानगी हवी. सेक्रेटरींकडे त्यासाठी एक छापील अर्ज असतो, 'घरातील अंतर्गत बदल'. त्यात संडास, मोरी, जाळी आणि झाड एवढेच चार प्रकार छापलेले आहेत. सेक्रेटरींनी बराच विचार करून स्पीकर 'झाड' या सदरात घातले, कारण दोन्ही भिंतीला टांगायचे असतात. मग रकाने. बदलाचं नाव, जागा, जमिनीपासून उंची, आणि शेवटचा रकाना: बदल तात्पुरता की कायमचा?

"काय लिहू?" मी विचारलं.

"ते तुम्ही सांगायचं. तात्पुरता असेल तर दर तीन महिन्यांनी नवा अर्ज. कायमचा असेल तर समितीची बैठक. पुढची बैठक दोन महिन्यांनी."

मी 'तात्पुरता'वर खूण केली. सेक्रेटरींनी अर्ज उजेडात धरून पाहिला. "आवाजाची चाचणी माझ्यासमोर द्यावी लागेल," ते म्हणाले.

वायरमन आला तो शनिवारी. त्याने सगळं पाहून घेतलं आणि पहिलं काम काय केलं, तर टीव्हीचं मागचं झाकण उघडून त्याच्या स्वतःच्या दोन्ही छोट्या स्पीकरच्या वायरी कापून टाकल्या. मी हां हां म्हणेपर्यंत झालं होतं.

"एका घरात दोन आवाज नकोत, साहेब," तो म्हणाला. "माझं लग्न झालंय. मला माहिती आहे."

दरम्यान सर कोनमापक घेऊन आले होते. ऐकणाऱ्याच्या खुर्चीचा केंद्रबिंदू त्यांनी खडूने जमिनीवर काढला. तो नेमका स्वयंपाकघराच्या दारात आला. स्पीकर हलवता येत नव्हते, कारण भोकं पडली होती. दार हलवायला वेगळा अर्ज लागला असता. म्हणून बाबांची खुर्ची दारात ठेवली आणि बायको पुढचे आठ दिवस हातात भांडी घेऊन त्यांच्या बाजूने तिरकी होऊन ये-जा करत राहिली. स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाइतक्या उंचीवर हवेत, असं कुठेतरी म्हटलं होतं. घरात तीन माणसांचे सहा कान, सगळे वेगवेगळ्या उंचीवर. भोकं पाडतानाच सरांनी त्यांची सरासरी काढली होती. ती उंची घरातल्या एकाही कानाची नव्हती.

"बाबा, खुर्ची इथे ठेवली तर चालेल?" मी ओरडलो.

"चालेल," बाबा म्हणाले.

"बाबा, अडचण नाही ना होत?"

"चालेल."

चाचणीच्या दिवशी सेक्रेटरी वही घेऊन आले. अँप्लिफायरबरोबर एक नमुन्याची डिस्क होती. तिच्यात पाऊस होता, आगगाडी होती आणि एक हेलिकॉप्टर. मी हेलिकॉप्टर लावलं. ते समोर डावीकडून आलं, उजवीकडे गेलं, मागे वळलं आणि सेक्रेटरींच्या डोक्यावरून जाताना त्यांनी वहीसकट खाली वाकून घेतलं. मग उठले, कपडे झटकले आणि लिहिलं, 'आवाज मर्यादेत. मात्र हेलिकॉप्टर इतर सभासदांच्या दिशेने नेऊ नये.' शेऱ्याखाली एकच रेघ. मला धन्य वाटलं. त्यानंतर आम्ही गाणी लावली, वाद्यं लावली, पुन्हा पाऊस लावला. सगळं ठणठणीत. चित्रपट मात्र मी मुद्दाम लावला नाही. तो मान रविवारचा होता.

रविवारी दुपारी साडू आणि ताई आले. सर कोनमापक घेऊन आले, सेक्रेटरी वही घेऊन. साडूंनी पिशवीतून डिस्क काढली. "एका दीपगृहाची गोष्ट आहे. ऐकण्यासारखी फिल्म. मी सहा-सात वेळा पाहिली असेल." ताई बायकोच्या शेजारी बसल्या आणि दोघी बहिणी एकमेकींकडे न बघता एकच उशी कुरवाळत राहिल्या. बाबा दारातल्या खुर्चीत. सगळ्यांची पाठ भिंतीला आणि जीव टांगणीला.

चित्रपट सुरू झाला आणि आमच्या खोलीत समुद्र शिरला. अतिशयोक्ती नाही. डाव्या भिंतीतून लाट निघाली ती उजव्या भिंतीवर फुटली. सरांच्या मागे एक पक्षी ओरडला आणि सरांनी वळून पाहिलं. वारा स्वयंपाकघरातून आला. आवाज अगदी हळू होता, तरी प्रत्येकाला ओलं झाल्यासारखं वाटत होतं. मी साडूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या खोलीतल्या कापसावर पाणी पडल्यासारखा तो चेहरा होता. वूफरने तेवढ्यात एक खोल दणका दिला, खोक्याचं दार आपोआप उघडलं आणि लाटेबरोबर बायकोची एक चप्पल बाहेर आली. कुणी हसलं नाही. एवढा तो परिणाम होता.

मग दीपगृहाचा म्हातारा रखवालदार पडद्यावर आला, त्याने दिव्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

काही ऐकू आलं नाही.

त्याचे ओठ हलत होते. त्याच्या दाढीत शिरणारा वारा ऐकू येत होता. त्याच्या बुटांचा आवाज येत होता, कंदिलाची कडी वाजत होती, लांब कुठेतरी एक बोट भोंगा वाजवत होती. फक्त माणूस मुका होता. मग दुसरा माणूस आला. तोही मुका. दोघे भांडले असावेत, कारण एकाने टेबलावर मूठ आपटली आणि ती आमच्या चारी भिंतींना ऐकू आली.

मी बटणं दाबली. पहिल्या बटणाने समुद्र मोठा झाला. दुसऱ्याने पक्षी समोर आले. पडद्यावर त्या लिपीतल्या अकरा ओळी उमटल्या आणि मी त्यांतली सातवी निवडली, कारण ती त्यातल्या त्यात प्रेमळ दिसत होती. यंत्र बंद पडलं. पुन्हा चालू केलं. समुद्र आला, माणसं मुकीच.

साडू उठून टीव्हीजवळ गेले. खाली वाकून पाहिलं. "मधला कुठे आहे?"

"मधला?"

"मधला स्पीकर. माणसांचं बोलणं सगळं मधल्यातून येतं. बाकीच्यांतून फक्त आजूबाजूचे आवाज. मधला कुठे ठेवलाय तुम्ही?"

मी सरांकडे पाहिलं. सर छताकडे बघत होते, कोन मोजल्यासारखे. "तो... आम्ही सरासरीने काढला होता," मी म्हणालो.

"टीव्हीचा आवाज चालू करा मग."

"तो कापलाय."

खोलीत फक्त समुद्र उरला. साडू परत येऊन बसले. वाईट वाटून घेत असल्यासारखे हळूच म्हणाले, "अहो, आता राहू द्या. ठरलंय तसं करू." ताईंनी बायकोच्या हातावर हात ठेवला. बायको उशीकडे बघत म्हणाली, "बॅग वरच्या कप्प्यात आहे. मी काढते," पण उठली मात्र नाही.

"तो म्हणतोय, तेल संपत आलंय आणि गुरुवारच्या आत बोट यायची नाही," बाबा म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"आणि तो दुसरा, टोपीवाला, म्हणतोय तुझ्या हिशेबाने चाललं असतं तर आपण दोघं केव्हाच बुडालो असतो. तोंडाळ माणूस दिसतोय."

"बाबा, तुम्हाला ऐकू येतंय?" बायकोने विचारलं. बाबांनी उत्तर दिलं नाही. तिने पुन्हा विचारलं. मग ती उठली, त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि तिसऱ्यांदा विचारलं, या वेळी अगदी हळू.

"ऐकायला कशाला पाहिजे?" बाबा म्हणाले. "तोंड दिसतंय की. जरा बाजूला हो, तो टोपीवाला काहीतरी सांगतोय."

चौतीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढलेला माणूस. तिथे कुणालाच काही ऐकू येत नसे. सुटी मागायची तर ओठांनी, शिवी द्यायची तर ओठांनी, मुलगी झाल्याची बातमीही पलीकडच्या रांगेतून ओठांनीच आलेली. सगळं खातं एकमेकांची तोंडं वाचायचं. मला फाटकापाशी बोलणारे सेक्रेटरी आठवले. खुर्चीमागे उभं राहून विचारलेले दोन वर्षांचे चहा आठवले. मी खाली बघितलं, तर समोर चप्पल होती.

"पण बाबा," बायको म्हणाली, "मग टीव्ही एवढा मोठ्याने का लावायचात?"

बाबांनी आश्चर्याने आमच्याकडे पाहिलं. "तुमच्यासाठी. तुम्ही दोघं एवढाली तोंडं करून ओरडत असता. मला वाटलं, तुम्हाला कमी ऐकू येतं. माणूस आपल्या कानांचं कबूल करत नाही, म्हणून मी काही बोललो नाही."

सेक्रेटरींनी वही मिटली.

त्यानंतर जो चित्रपट आम्ही पाहिला तो मी जन्मभर विसरणार नाही. भिंतींतून समुद्र येत होता आणि मधोमध, दारातल्या खुर्चीतून, बाबा सगळ्यांचं बोलत होते. रखवालदार, टोपीवाला, बोटीचा कप्तान, एक बाई. आवाज एकच, रोज हजेरी घेतात तसा सपाट. मध्येच त्यांचा शेराही असायचा. "बाई म्हणतेय, मी वाट बघीन. खोटं बोलतेय." कुणी कॅमेऱ्याकडे पाठ केली की बाबा म्हणायचे, "हा काय म्हणाला ते देव जाणे," आणि पुढे जायचे. वूफरने अजून दोन जोड चपला बाहेर काढल्या. सर रडत होते आणि ते खाऱ्या वाऱ्यामुळे होतंय असं भासवत होते.

मग तो प्रसंग आला. रखवालदाराचा शहरातला मुलगा त्याला न्यायला येतो. बाबांनी मुलाचं सगळं सांगितलं. तो म्हणतोय, तिकडे मोठं घर आहे. तो म्हणतोय, तुम्हाला वेगळी खोली आहे. तो म्हणतोय, इथे तुमची आबाळ होते. रखवालदार ऐकून घेतो आणि वळून दिव्याकडे तोंड करतो. आम्हाला त्याची नुसती पाठ दिसते, बराच वेळ.

बाबा खुर्चीत जरा पुढे सरकले.

"म्हातारा म्हणतोय," ते म्हणाले, "मी कुठे यायचा नाही. इथला कारभार गबाळा आहे. एक वस्तू धड चालत नाही. जे करायला जातात ते उलटंच होतं. पण माझ्यासाठी करायला जातात. माझी बॅग कुणी काढायची नाही."

समुद्र चालूच होता.

"बॅग?" सेक्रेटरी कुजबुजले. "दीपगृहात बॅग कुठे आहे?"

"पडद्याबाहेर असेल," बाबा म्हणाले. सेक्रेटरी त्यांच्या समोरच बसले होते.

मी साडूंकडे पाहिलं. सहा-सात वेळा पाहिलेला चित्रपट. "असंच आहे का हो ते?" मी विचारलं.

साडूंनी खोक्याचं उघडं दार पायाने हळूच लावलं. "शब्द न् शब्द," ते म्हणाले. आणि जरा वेळाने, "चहा वगैरे देता की नुसता समुद्रच?"

पुढच्या महिन्यात आम्ही सगळे त्यांच्याकडे गेलो, तेव्हा मी हट्टाने तोच चित्रपट लावायला सांगितला. मागे जाणाऱ्या खुर्चीत, सात स्पीकरांत, मधल्यासकट. तो प्रसंग आला. रखवालदार वळला, पाठ दिसली आणि समोरून स्वच्छ आवाज आला, "काचेवर काजळी धरलीय. पुसायला हवी." एवढंच. मी मान वळवली. साडू रिमोटच्या मागचं झाकण उघडून बॅटरी तपासत होते. माणूस खरंच वाईट नाही.

मधला स्पीकर मी अजून घेतलेला नाही. त्या दुकानदाराला तोंड दाखवायचं नाही, हे एक. आणि दुसरं म्हणजे, रविवारी दुपारी आमच्याकडे आता चौथ्या मजल्यापर्यंतची माणसं जमतात. स्वतःच्या घरी त्यांना संवाद नीट ऐकू येतात, पण ते म्हणतात की तिकडच्या संवादांत तेवढा दम नसतो. टीव्हीबद्दल तक्रार करणारे सभासद सगळ्यांत पुढे बसतात. चहाचं विचारताना आम्ही बाबांच्या समोर जातो, त्यामुळे त्यांना तो वेळेवर मिळतो आणि बायकोचा घसा बरा आहे.

परवा सेक्रेटरी आले. मला वाटलं, चित्रपटासाठी. पण त्यांच्या हातात तो छापील अर्ज होता. "तुमच्या परवानगीत चारच ठिकाणांहून आवाज दाखवलाय," ते म्हणाले. "पाचवा येतो तो नोंदीत नाही. नवीन अर्ज भरा."

मी भरला. बदलाचं नाव: मधला. जागा: स्वयंपाकघराचं दार. जमिनीपासून उंची: खुर्चीत बसल्यावर साधारण चार फूट. शेवटच्या रकान्यापाशी आलो तेव्हा बायको माझ्या खांद्यावरून वाचत होती, आणि बाबा समोरून माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कायमचा असेल तर बैठक घ्यावी लागेल," सेक्रेटरींनी आठवण करून दिली.

"घ्या," मी म्हणालो, आणि खूण केली.